न आलेला ठसका

मल्हारच्या अंगावरून सिंधुबाईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळल्या, पुटपुटत सगळं चुलीत टाकलं आणि नाक वर करून वाट बघत राहिल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. ठसका काही आला नाही. नजर लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, हे शेळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आरं द्येवा," सिंधुबाई खालीच बसल्या. "लई कडक लागलीय. म्हस्कूच्या सारजीचीच हाय ही."

वर्षाचंही न झालेलं पोरगं रोहिणीच्या मांडीवर तापानं फणफणत होतं, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ती सकाळपासून बारामतीला दवाखान्यात नेऊ म्हणत होती आणि सासूबाई आधी दृष्ट काढू म्हणत होत्या. नवरा नागेश दोघींच्या मधे उभा राहून गप्प बसण्याचं काम नेहमीसारखं मन लावून करत होता.

सारजा ही माळावर एकटी राहणारी विधवा. एका डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं. नवरा म्हस्कू होता, मेंढरं होती, तोवर तो पांढरा डोळा कुणाला दिसला नाही. रोगानं मेंढरं मेली, मागोमाग म्हस्कू गेला आणि एकाएकी सगळ्या गावाला तो डोळा दिसायला लागला. म्हैस आटली, सारजा. बोअर कोरडी गेली, सारजा. ती दिसली की बाया लेकरं पदराखाली झाकायच्या. बोलायला माणूस नाही म्हणून ती बिचारी वाटेनं आपल्या शेळीशीच बोलत जायची, तर लोक म्हणायचे, मंत्र म्हणतीय.

रोहिणीची भीती मात्र वेगळी होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात पंचायत समितीकडून निर्धूर चूल मिळाली, तेव्हा सासूबाई लेकीकडे निमगाव केतकीला गेल्या होत्या. एकटीला चूल बसवायची माती मळवेना म्हणून रोहिणीनं सारजाला हाक मारली. सारजा धावतच आली. तिनं माती मळली, धुराचा नळ छपरातून बाहेर काढताना खालून धरून ठेवला आणि जाताना मल्हारला मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसली. इतका वेळ, की शेवटी रोहिणीनंच त्याला काढून घेतलं. त्या बघण्यानंच तर झालं नसेल? हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण मनातून ते जाईना.

तोवर नागेशनं गप्प बसणं सोडलं, तेही नेमकं नको तिथं. चार गडी घेऊन तो माळावर गेला आणि सारजाला दंडाला धरून अंगणात घेऊन आला. दिवेलागणीला सगळी आळी जमली. गावचे कारभारी हिंदुराव खुर्ची टाकून बसले. दोघातिघांच्या हातांत काठ्या होत्या.

"सारजे, पोराची नजर सोड," हिंदुराव म्हणाले. "न्हायतर दुसरा डोळाबी जागंवर ऱ्हाणार न्हाय."

"आबा, म्या काय केलं न्हाय वो," सारजा हात जोडून बसली होती. "माझ्याकडं कोण बघत न्हाय. मी कुणाकडं बघू?"

एकानं काठी उचलली. पोराला घेऊन दारात उभ्या रोहिणीला ते बघवेना, म्हणून तिनं मान वर केली आणि छपरावरचा नळ तिच्या नजरेला पडला. नळातून धूर वर चालला होता. घरात येतच नव्हता. नव्या चुलीवर दृष्ट काढायची ही पहिलीच वेळ. मिरच्यांचा ठसका नळातून आभाळात गेला होता आणि इथं त्यापायी एका बाईचा डोळा जायची वेळ आली होती.

तोंड उघडलं तर सारजाला घरात घेतल्याचं निघणार. तरी तिनं पोराला नागेशच्या हातात दिलं, घमेल्यात निखारे भरून अंगणात आणले आणि वर मूठभर मिरच्या टाकल्या.

सगळं अंगण खोकायला लागलं. हिंदुराव खुर्ची सोडून पळाले. काठीवाल्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"धूर नळातनं वर गेलता, आत्या!" रोहिणी ओरडली. "नजर न्हाय न् काय न्हाय!"

खोकला थांबला. सिंधुबाई सुनेकडे वळल्या.

"तुला कसं कळलं गं, आता ठसका येणार म्हणून?" त्या हळूच म्हणाल्या. "हिनं शिकिवलं व्हय? आन् चुलीची माती कुणी मळली व्हती?"

रोहिणीच्या शेजारची बाई दोन पावलं मागं सरली आणि तिनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं. नागेशनंही मल्हारला छातीशी घट्ट धरलं, बायकोपासून लांब.

ते पदराखाली घेणं सारजानं ओळखलं. ती उठून उभी राहिली. आता तिचे हात जोडलेले नव्हते.

"तिला काय इचारता?" ती म्हणाली. "तिला काय ठावं न्हाय. मीच लावली व्हती नजर, मीच सोडली आता. पर पुरती सुटली न्हाय. आत्ताच्या आत्ता पोराला बारामतीच्या डाक्टरकडं न्या. न्हायतर परत लावीन. एकेकाच्या घरावर लावीन."

आणि तिनं तो पांढरा डोळा साऱ्या अंगणावरून फिरवला. भल्याभल्यांनी माना खाली घातल्या. ज्याच्या हातात काठी होती तो पहिला मागं झाला. हिंदुरावांनी स्वतः जीप काढली. वाटेवरून बाजूला होताना सारजानं पोराकडे एकदाही पाहिलं नाही.

न्यूमोनिया होता. उद्या आणलं असतं तर उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मल्हार बरा होऊन घरी आला, तेव्हा माळावरची खोपटी मोडलेली होती. सारजा नव्हती, शेळीही नव्हती. कुणी सुप्याकडे गेली म्हणालं, कुणी म्हणालं बरं झालं.

आता सारजानं खरंच नजर लावली होती का, अशी गावात कुणी शंका काढली की सिंधुबाई सांगतात, तिनं सवताच्या तोंडानं कबूल केलं, आमच्या रोहिणीला इचारा. सगळे रोहिणीकडे बघतात. रोहिणी बोलायला तोंड उघडते, समोरच्या बायांचे हात पदराकडे गेलेले तिला दिसतात, आणि ती म्हणते, "व्हय."