साळुबाईची तारीख

कोंडाबाई ऑपरेशन करून घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, गेणभाऊनं, तिच्यासाठी स्वतःच्या हातानं चहा केला. तिची धाकटी जाऊ साळुबाई तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती. हा थोरला दीर तिच्या शेजारी येऊन उकिडवा बसला, त्यानं चहाची भुकटी कुठल्या डब्यात आहे ते विचारून घेतलं आणि उकळलेला चहा जपून बाजेपाशी नेऊन दिला. साळुबाईच्या अठरा वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्यानं, दादाभाऊनं, तिला कधी पाण्याचा तांब्याही भरून दिला नव्हता. त्या दिवशी तिच्या दोन भाकरी करपल्या.

डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्यांची वाडी होती. दोघा भावांचं घर एक, चूल एक, भाताची खाचरं एक. आणि दोघी जावांचं दुखणंही एकच होतं. बाळंतपणं घरातच झालेली, दहाव्या-बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा चढलेला. पुढे दोघींचंही अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, खाली सरकून बाहेर यायला लागलं. वजन उचललं, खोकला आला, उकिडवं बसलं की यायचं. दोघींनी कितीतरी वर्षं ते एकमेकींपासून लपवलं. मग एका आवणीत, गुडघाभर चिखलात रोपं लावताना, दोघींना पाठोपाठ शिंका आल्या आणि दोघींचे हात पाठोपाठ ओटीपोटाखाली गेले. तेव्हा कुठे एकीला दुसरीचं कळलं. त्या दिवशी दोघी बांधावर बसून खूप हसल्या होत्या.

डिंगोऱ्यात बायकांचा एक दवाखाना होता. दलीचंद शेठनं आपल्या आईच्या, पानबाईच्या नावानं दुकानामागच्या दोन खोल्या दिल्या होत्या आणि पुण्याची एक संस्था तो दवाखाना चालवायची. दर गुरुवारी डॉक्टरीणबाई यायच्या. मोहिनी सिस्टर तिथंच राहायची. झाडलोट करायला आणि बायांना धीर द्यायला गावातलीच भागू होती. तिथं पुरुष माणूस नसायचा, म्हणून डोंगरातल्या बाया तिथं जायच्या. या दोघीही गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत रबराची रिंग बसवून दिली. अंग जागेवर राहायला लागलं. ती रिंग दर तीन महिन्यांनी काढायची, धुवायची, परत बसवायची. सिस्टरनं ते काम कोंडाबाईला शिकवलं होतं, कारण तिला भीड कमी होती.

पण रिंग म्हणजे कायमचा इलाज नव्हे. वर्षातून दोनदा संस्था पाच-सहा बायांना जीपनं जुन्नरला नेऊन टाके घालायचं ऑपरेशन करायची. अठ्ठ्याण्णव साली भाताची झोडणी उरकल्यावर या दोघींचा नंबर लागला. सिस्टरनं दोघींच्या बोटांना टोचून रक्त तपासलं. कोंडाबाईचं दहाच्या वर भरलं. साळुबाईचं सात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातावर ऑपरेशन करता येणार नाही. गोळ्या खा, पालेभाजी खा, चैत्रात तुझं करू. सिस्टरनं तिच्या कार्डावर तारीख लिहून दिली.

साळुबाईच्या मनात तो सातचा आकडा रुतून बसला. एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी, मग एकीचं दहा आणि एकीचं सात का? तिला उत्तर सापडायला वेळ लागला नाही. वाढायचा मान थोरलीचा. लग्न होऊन आल्यापासून साळुबाईच्या वाट्याला टोपाच्या तळाचं आलं होतं. तिला सहा लेकरं झाली, त्यातली दोन गेली. कोंडाबाईला तीनच. दूध कमी पडलं की कोण म्हणायचं, साळू अजून तरणी आहे, तिला चालतंय? आपल्या अंगातलं जे रक्त कमी पडलं ते या बाईच्या अंगात गेलंय, असं तिला वाटायला लागलं. आणि एकदा वाटलं, ते मग जाईना.

आता तीच बाई बाजेवर पडून होती आणि साळुबाई तिच्या वाटचंही काम करत होती. पाणी, जळण, शेण, दोघींची पोरं. सहा महिने वजन उचलायचं नाही, असं कोंडाबाईला सांगितलं होतं. कोंडाबाई अंगणात ऊन खात बसायची. चारचौघींत मोठ्यानं हसायची. खोकायची तर कशी, घसा मोकळा करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तो खोकला साळुबाईला घरात कुठेही ऐकू यायचा. तिचं पातळ कोरडं असायचं, झोप गाढ असायची. साळुबाई तिच्याकडे पाठ करून कामं उरकायची, आणि तरी तिचं सगळं लक्ष पाठीमागेच असायचं.

गोळ्या मात्र तिनं एकही चुकवली नाही. मळमळायचं, पोट बांधून यायचं, तरी ती गिळायची. माघात रक्त नऊ झालं. सिस्टरनं तिच्या पाठीवर थाप मारली.

शिमगा होऊन गेल्यावर एका गुरुवारी ती दोन तास चालून डिंगोऱ्यात उतरली. दवाखान्याच्या ओट्यावर एकही बाई नव्हती. आत मोहिनी सिस्टर आणि भागू रजिस्टरं गोणीत भरत होत्या. दलीचंद शेठ आदल्या वर्षीच गेले होते. त्यांचा मुलगा पारस दारात किल्ली घेऊन अवघडून उभा होता. खोल्या त्यानं मागितल्या नव्हत्या, संस्थेनंच परत केल्या होत्या. सिस्टरनं सांगितलं, संस्थेला बाहेरून येणारी मदत थांबली. जीप गेली, डॉक्टरीणबाई दुसरीकडे लागल्या. तिला स्वतःलाही आता माहेरी जावं लागणार होतं.

साळुबाईनं कमरेची पिशवी सोडून कार्ड पुढे केलं. "माझी तारीख हाय. चैताची."

"होती बाई," सिस्टर म्हणाली. "आता ती तारीख पाळणारं कुणी उरलं नाही."

मग तिनं साळुबाईला आत घेतलं, रिंग धुऊन बसवून दिली आणि शेवटचं म्हणून बोटाला टोचलं. रक्त दहा भरलं होतं. सिस्टरला ते सांगावं की नाही कळेना, पण तिनं सांगितलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. पुण्याला जायचं तर सोबत माणूस हवा, पंधरा दिवस घर सोडायला हवं, आणि दादाभाऊ तर आळेफाट्याकडे मजुरीला गेलेला. चिठ्ठी हातात धरूनच साळुबाईला कळलं की हे होणार नाही.

निघताना सिस्टर म्हणाली, "तीन महिन्यांनी कोंडाबाईकडून रिंग काढून घे, लाजू नकोस. आणि तिला सांग, मृगापर्यंत डोक्यावर काही घ्यायचं नाही. टाके आतले आहेत, दिसत नाहीत म्हणून विसरेल ती."

चढावर साळुबाई दोनदा बसली. खोटं बोलायचं तिनं वाटेत ठरवलेलं नव्हतं. घरी आली तेव्हा कोंडाबाई अंगणात पाय पसरून पोरीची वेणी घालत होती आणि गाणं गुणगुणत होती. तिनं वर बघून विचारलं, काय म्हणाली सिस्टर?

साळुबाईनं दवाखाना बंद झाल्याचं सांगितलं. कोंडाबाईचे हात वेणीतच थांबले. ती म्हणाली, मग तुझं कसं? त्या विचारण्यात कळवळा होता, आणि तोच साळुबाईला सोसला नाही.

"माझं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचं काम पक्कं झालंय म्हणली सिस्टर. आता उचलायला हरकत न्हाई."

खरं-खोटं विचारायला आता दवाखाना उरला नव्हता. कोंडाबाईला तर बसून खायची लाजच वाटत होती. ती दुसऱ्याच दिवशी उठली. राबाचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेणी, फांद्या अंथरून भाजायच्या, त्यासाठी डोंगरातून भारे आणायचे. कोंडाबाईनं भारे आणले. शेणाच्या पाट्या वाहिल्या. विहीर आटल्यावर खालच्या झऱ्यावरून हंडे आणले. साळुबाई प्रत्येक वेळी बघायची. कधी कधी हंडा चढवायला हातही द्यायची.

वैशाखात, झऱ्यावरून येताना कोंडाबाईला ठसका लागला. तिनं एका हातानं हंडा धरला आणि दुसरा हात पटकन खाली नेला. मागून येणाऱ्या साळुबाईनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं. भर उन्हात सावलीत आल्यासारखं वाटलं. त्या रात्री ती पोटभर जेवली. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा जीव जळायला लागला, कारण कोंडाबाई कुणाला काही सांगत नव्हती, कण्हत नव्हती, साळुबाईकडे रागानं बघतही नव्हती.

रिंगचे तीन महिने उलटले, पाच झाले. साळुबाई कोणत्या तोंडानं कोंडाबाईला म्हणणार, माझी रिंग काढा? तिनं ते टाळलं. आवणी उरकली आणि श्रावणात तिला ताप भरला. अंगावरून घाण, रक्ताळलेलं पाणी जायला लागलं. वास लपेना. दादाभाऊ तिला बाजारच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर पुरुष होता. त्यानं काय होतंय विचारलं, तिनं थंडीताप एवढंच सांगितलं. त्यानं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी ताप परत आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाईनं पोरांना बाहेर घालवलं, दार लावलं, पाणी उकळलं आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन साळुबाईपाशी बसली. "पाय घे वर," एवढंच म्हणाली. साळुबाईनं भिंतीकडे तोंड केलं. फार वेळ लागला. रिंग आत चिकटली होती, साळुबाईनं पदर दातांत धरला होता. शेवटी ती निघाली, काळी पडलेली, कडेला खरखरीत झालेली. कोंडाबाईनं सगळं कोमट पाण्यानं धुतलं, स्वतःचं जुनं स्वच्छ पातळ फाडून घडी लावून दिली. मग पाठमोरी होऊन हात धूत म्हणाली,

"सिस्टर तसं म्हणली नव्हती, साळू."

साळुबाईनं पातळ पायांवर ओढून घेतलं.

"आखाडात भागू भेटली व्हती बाजारात. मृगापतूर उचलू नका असा निरोप व्हता, जाऊबाईनं दिला न्हाई का, म्हणली."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलून टाके परत बसणार व्हते?" कोंडाबाई वळली. "आन् मी बी काय देवमाणूस न्हाई. तुझं रक्त सात निघालं तवा मला बरं वाटलं व्हतं. दोघींचं एकदम झालं असतं तर मला बसून कोण खाऊ घालणार व्हतं?"

साळुबाई रडली. कोंडाबाईनं तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. भांडी उचलून ती बाहेर गेली.

डॉक्टरच्या गोळ्या आता लागू पडल्या आणि ताप उतरला. पण कोंडाबाईनं रिंग काढल्याची गोष्ट वाडीत फुटली. दवाखान्यानं रिंग बसवलेल्या बाया आजूबाजूच्या वाड्यांत कितीतरी होत्या आणि सगळ्या तशाच अडकल्या होत्या. कुणाला वर्ष झालं होतं. पुण्याला जाणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. त्या एकेक करून कोंडाबाईकडे यायला लागल्या. कोंडाबाई रिंग काढायची, उकळून परत बसवायची. जखम दिसली तर बसवायची नाही, डॉक्टरकडे जाच म्हणून दटावायची. एका बाईची रिंग तिला निघाली नाही. तिला जुन्नरला नेईपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर आठ दिवस कोंडाबाईनं कुणाच्याच रिंगला हात लावला नाही.

साळुबाई पाणी उकळायची, बायांचे गुडघे धरायची. बाया जाताना कोंडाबाईच्या पाया पडायच्या. साळुबाई तेव्हा चुलीत उगीचच लाकूड सारत बसायची.

साळुबाईचं ऑपरेशन शेवटी झालं ते दोन हजार तीन साली. तिची लेक पेठला दिली होती. हमरस्त्यावरचं गाव, पुण्याची एसटी दारात. जावयानं नेलं, लेक पंधरा दिवस उशाशी राहिली. कोंडाबाईलाही चला म्हणून आग्रह झाला. तिनं पुन्हा कापून घ्यायला नकार दिला; आपली जुनी रिंग तिनं केव्हाच उकळून परत बसवली होती, ती त्यावरच राहिली. साळुबाई घरी येऊन बाजेवर पडली, तेव्हा कोंडाबाई उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघत होती. त्या नजरेला साळुबाई चांगली ओळखत होती. कुणी काहीही म्हटलं तरी सहा महिने साळुबाईनं एक तांब्याही उचलला नाही.

पुढच्या वर्षी कोंडाबाई भावाकडे गेलेली असताना वरच्या वाडीची ठमाबाई नावाची बाई आली. कोंडाबाईंचा हात हलका आहे असं ऐकून आले, म्हणाली. त्या कधी येतील? साळुबाई म्हणाली, चार दिवस लागतील. बाईचा चेहरा उतरला. तिला बसवतही नव्हतं. साळुबाईनं दार लावलं, पाणी ठेवलं, नखं कापली आणि स्वतःच रिंग काढली. बाईला फारसं दुखलंही नाही. ती साळुबाईच्या पाया पडून गेली.

चार दिवसांनी कोंडाबाई आली. कोण कोण येऊन गेलं, तिनं विचारलं. साळुबाईनं सगळ्यांची नावं सांगितली, ठमाबाईचं तेवढं सांगितलं नाही. ती एक बाई तिला स्वतःपाशी ठेवायची होती.