अल्मेडाच्या दरडीवरची फुलवेल

मी जमिनीवरून बोलतेय. याहून उंच मला होता येत नाही. वीतभरसुद्धा माझी उंची नाही. मला ठाऊक फक्त पसरणं. पुस्तकात माझं नाव फ्लॉक्स, पण केंटकीच्या डोंगरातल्या या सॉरेल घळीत त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. इथे मी डोंगरगुलाबी. पानं सुईसारखी, बोट लावाल तर टोचतील, बर्फातही हिरवी. आणि एप्रिलात तीन आठवडे अशी फुलते की पान दिसत नाही.

मला एक खोड आहे, दुसऱ्याच्या घरात डोकवायची. त्यात माझा तरी काय दोष? मला लावलंच अल्मेडाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

घर बांधताना अल्मेडाच्या नवऱ्यानं, ग्रॅडीनं, डोंगराचा पाय कापून सपाटी काढली होती. त्यामुळे घरामागे दोन पुरुष उंचीची उघडी दरड उभी राहिली. पाऊस आला की पिवळी माती वाहत थेट मागच्या दारात. गवत तिथे टिकेना, आणि टिकलं असतं तरी त्या चढावर कापायला जाणार कोण? अल्मेडा रोज मागचं दार झाडायची आणि रोज चिडायची.

मग रेथानं मला आणलं. रेथा म्हणजे ओढ्यापलीकडची शेजारीण, मोठ्या आवाजाची, सगळ्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते माहीत असलेली. माझं नि तिचं म्हणूनच जमलं असावं. तिनं आपल्या कुंपणाजवळच्या जुन्या ताटव्यातून मला मुळांसकट फाडलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि अल्मेडाच्या हातात दिलं. अल्मेडा नदीकाठच्या शहरातून लग्न होऊन आलेली, रीतभात शिकलेली. तिच्या तोंडून आभाराचा शब्द निघणार तोच रेथानं आपला मातकट हात तिच्या तोंडावर ठेवला.

"बोलू नकोस. रोपाचे आभार मानले की रोप जळतं."

"मग काय म्हणू?"

"काही नको. कॉफी टाक."

या घळीत सगळे हे पाळतात. रोप असो, कंद असो, मूठभर बी असो. घ्यायचं आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायचं.

अल्मेडानं दोन-दोन वितींवर खड्डे करून माझे तुकडे लावले. पहिल्या वर्षी मी नुसती जीव धरून होते. मग सरकायला लागले. माझी फांदी मातीला टेकली की तिथे मूळ धरते, तिथून पुढची फांदी. तिसऱ्या एप्रिलात दरड दिसेनाशी झाली. रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. दारात माती येणं थांबलं.

फुलं सरली की मे महिन्यात अल्मेडा मोठी कात्री घेऊन मला अर्धी कापायची. तसं केलं नाही तर मला मधोमध टक्कल पडतं. कापताना ती कोपरापर्यंत हात माझ्याखाली घालायची, गवताची मुळं ओढायची, जमीन चाचपायची. वर्षातून तेवढंच कुणी माझ्याखाली पाहायचं. आणि त्या दिवशी रेथाला हाक मारून ती ओरडायची, "तुझी ही सटवी माझ्या पायऱ्यांवर चढली बघ."

"मग उपटून टाक," रेथा म्हणायची, आणि दोघी हसायच्या. हेच त्यांचं आभार मानणं होतं. मला कळायचं.

ग्रॅडी कोळशाच्या धुळीनं गेला. चार हिवाळे त्याचा खोकला मी खिडकीतून ऐकला. अल्मेडानं तेव्हाच शपथ घातली, मुलाला, बर्लला, खाणीच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. तसा तो गेलाही नाही. आता कोळसा काढायला कुणी आत जात नाही. डोंगराचं वरचं अंगच खरवडतात आणि निघालेली माती-दगड उतारावर लोटून देतात. ते लोटणारा बुलडोझर बर्ल चालवायचा, आमच्याच डोक्यावरच्या डोंगरावर. दुपारी बारा वाजता जेवायला थांबला की तो भोंगा वाजवायचा. अल्मेडा मागच्या दारात येऊन ताटं पुसायचं फडकं हलवायची. अख्खा दिवस ती त्या फडक्याच्या भरवशावर काढायची.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या हिवाळ्यात पाऊस फार झाला. फेब्रुवारीत मला माझ्या अंगात ओढ जाणवली. वरची मुळं वर राहिली होती, खालची खाली निघाली होती. मधे भेग. आधी बोटभर, मार्चमध्ये मूठ मावेल एवढी. आणि मी काय केलं? जन्मभर जे केलं तेच. दोन्ही काठांवरून फांद्या टाकल्या, एकमेकींत गुंतवल्या, आणि एप्रिल लागताच त्यावर फुलले. एवढी दाट मी कधीच फुलले नव्हते.

रेथाच्या मात्र लक्षात आलं. मक्याचा पाव घेऊन ती मागच्या दारानं आली, तर दार खांद्यानं ढकलावं लागलं.

"हे का अडकतंय?"

"ओलीनं फुगलंय," अल्मेडा म्हणाली.

"आणि कुंपणाचा खांब कलला तो? तोही फुगला का?"

अल्मेडा हसली नाही. पण रेथानं बर्लला गाठून सांगितलंच, आणि बर्लनं वरच्यांच्या कानावर घातलं. खाण कंपनीचा एक माणूस आला. बूट स्वच्छ होते, ते तसेच राहतील एवढ्या अंतरावर उभा राहिला. अल्मेडानं दिलेला सुक्या सफरचंदांचा केक उभ्याउभ्या खाल्ला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अशी मुळं असलेली दरड हलत नसते, बाई. हिनंच धरून ठेवलीय."

अल्मेडाचा चेहरा उजळला. मी किती धरते ते मला विचारा. चार बोटं. चार बोटं माती मी धरते. डोंगर माझा नाही. पण मला कोण विचारतंय?

तो गेल्यावर रेथा म्हणाली, "त्यानं फुलं पाहिली. जमीन कुठे पाहिली? आत्ता काप हिला, आपण बघू."

"ऐन फुलोऱ्यात? मे महिन्यात कापीन, तेव्हा हवं तेवढं बघ."

"मे महिन्यापर्यंत थांबायला हा डोंगर तुझा नोकर आहे का? चार दिवस माझ्याकडे राहायला ये, अल्मेडा."

अल्मेडानं हातातला कप पुसून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पोरानं माझ्या अंगावर डोंगर लोटलाय, असंच म्हणायचंय ना तुला?"

रेथाला तेच म्हणायचं होतं. आणि ते खरंही होतं.

पुढच्या रविवारी अल्मेडा चर्चला गेलेली पाहून रेथा दरडीवर चढली. साठीची बाई, गुडघ्यांवर सरकत आली. दोन्ही हातांनी मला धरून ओढलं. मी पांघरुणासारखी निघाले. एवढीच माझी पकड. खालच्या भेगेत तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला.

अल्मेडा परत आली तेव्हा फुलांचा ढीग अंगणात पडला होता आणि रेथा चिखलानं माखून वर बसली होती. रेथा म्हणाली, "वर ये. फक्त हात घालून बघ. मग मला हवं ते बोल."

अल्मेडा वर गेली नाही. तिनं ढिगाकडे पाहिलं. हात स्वच्छ होते तरी झग्याला पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "रेथा, या वेलीबद्दल तुझे आभार. मनापासून आभार."

शिवी दिली असती तर रेथा उलटून बोलली असती. ती नुसती खाली उतरली आणि ओढा ओलांडून गेली. मागे वळली नाही.

संध्याकाळी अल्मेडा मला उचलून वर घेऊन आली. जिथून फाटले होते तिथे गुडघे टेकून बसली. तिनं भेग पाहिली. मी खात्रीनं सांगते, तिनं पाहिली. तिचा हात काठावर थांबला होता. मग तिनं मला भेगेवर पसरलं, तळव्यांनी दाबलं, कडा नीट जुळवल्या आणि बादलीभर पाणी घातलं. ते पाणी कुठे गेलं ते मला माहीत आहे.

अकरा दिवसांनी, गुरुवारी, पावसाला तिसरा दिवस होता. बारा वाजता वर भोंगा झाला. अल्मेडानं खांद्यानं दार ढकललं आणि बाहेर येऊन फडकं हलवलं. ती आत गेली, आणि मी चालायला लागले. फुलं आभाळाकडे तशीच, एक न चुरगळता, मी स्वयंपाकघराच्या छपरावर गेले. मग सगळं उलटलं. बर्लनं वरून काय पाहिलं ते त्यानं नंतर सांगितलं. गुलाबी चादर घराकडे निघाली होती, म्हणाला.

तोच बुलडोझर त्यानं खाली आणला. आधी बुलडोझरनं, मग फावड्यानं, मग नखांनी माती उपसली. ती चुलीपाशी सापडली.

आता मी चर्चच्या वरच्या टेकडीवर असते. रेथाला मी ओढ्याच्या गाळात मिळाले, मुळं वर झालेली. तिनं मला धुतलं आणि अल्मेडाच्या थडग्याच्या पायाशी लावलं, पण हातभर लांब. आमच्याकडे थडग्यावर गवत ठेवत नाहीत. माती उघडी, खरवडलेली, पावासारखी फुगीर ठेवतात, आणि मे महिन्यात सगळे जमून ती पुन्हा चढवतात. मी तिकडे सरकले की रेथा कात्रीनं मला कापते. "इथून पुढे नाही," म्हणते. मला राग येत नाही.

परवा बर्ल आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. आता तो बुलडोझरवर बसत नाही. रेथा माती सारखी करत होती. तो म्हणाला, "रेथामावशी, हे तू लावलंस, मी तुझे…"

"बर्ल, गप्प बस."

त्याला आठवलं. त्यानं ओठ मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी ही सटवी वाटेत येतेय."

"मग उपटून टाक," रेथा म्हणाली. दोघंही हसली नाहीत.

मला लावा. दरडीवर, भिंतीवर, उन्हात कुठेही लावा. पण दार अडकलं, खांब कलला, तर माझ्या फुलांची पर्वा करू नका. मला उचला आणि खाली हात घाला. मी पुन्हा रुजते. घर रुजत नाही. एवढं तुम्ही बसून ऐकलंत. मला जगायचंय अजून, म्हणून तुमचे आभार मात्र मानत नाही.