गाण्यातले बाबा

"पंखे का बंद केले हो?" चष्मेवाल्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं.

"आता ते वडिलांचं गाणं आहे ना. पंख्यांचा आवाज मध्ये येतो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पर्समधून रुमाल काढून हातात तयारच ठेवला.

चष्मेवाले बुचकळ्यात पडले. रंगाच्या दुकानावरची ही लांबोडकी खोली, निम्म्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या, निम्म्या लाकडी, खालून टर्पेंटाइनचा वास. त्यात रविवारच्या भर दुपारी पन्नासेक माणसं पंखे बंद करून घाम पुसत बसलेली, आणि कुणाची म्हणून तक्रार नाही! समोर त्यांची लेक गिटार घेऊन उभी होती. तिच्या बाजूला एक दाढीवाला लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं बडवत होता. याला बसायला दुसरं काही मिळालं नाही, की वाजवायला दुसरं काही मिळालं नाही, हे चष्मेवाल्यांना इतका वेळ झाला तरी कळलं नव्हतं.

खरं म्हणजे ते गाणी ऐकायला आलेच नव्हते. लेकीच्या चष्म्याची दांडी निखळली होती. ती त्यांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात नीट बसवून आणली, तर लेक चष्मा न घेताच निघून गेलेली. बायको म्हणाली, "अहो, चष्म्याशिवाय काही दिसत नाही तिला, पडेल कुठंतरी धडपडून. देऊन या. आणि जाताच आहात तर बसा घटकाभर. किती वर्षं नुसतं 'पुढच्या वेळी नक्की' चाललंय तुमचं!" आता यात चष्मेवाल्यांचं खोटं काही नसायचं. दर वेळी त्यांना अगदी मनापासून पुढच्या वेळी जायचं असायचं.

ते पोचले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता, म्हणून ते मागच्याच रांगेत टेकले. चष्म्याशिवाय लेकीला तिथवरचं दिसणं शक्यच नव्हतं. गाणी सगळी या पोरांनी स्वतः लिहिलेली, चालीही स्वतःच्याच. चष्मेवाल्यांना त्यातलं एकही ओळखीचं नव्हतं आणि बाकीच्यांना सगळी तोंडपाठ होती. आपण चुकून भलत्याच कुणाच्या लग्नाला येऊन बसलोय की काय, असं त्यांना झालं.

तेवढ्यात ते वडिलांचं गाणं सुरू झालं.

गाण्यातले बाबा घराला कुलूप लावायचे, तीन जिने उतरायचे, आणि पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. लोक हसले. चष्मेवालेही हसले आणि एकदम गप्प झाले. अरेच्चा, हा तर मी! मग गाण्यातले बाबा छोट्या मुलीच्या नाकावर बिनकाचेची फ्रेम ठेवायचे आणि विचारायचे, दिसतंय का? मुलगी म्हणायची, दिसतंय. हे हिला आठवतं? ते स्वतःच विसरून गेले होते. त्यांचे कान गरम झाले. आपल्याकडे कुणी इतकं बघत असेल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

तिसऱ्या कडव्यात घोळ झाला. गाण्यातले बाबा लेकीच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. मागच्या रांगेत बसायचे, आणि तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून संपायच्या आत हळूच उठून जायचे. चष्मेवाल्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हा कोण आणखी?

चौथ्या कडव्यात दवाखान्यातलं बाकडं आलं, बंद दार आलं. दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली. गाणं तिथंच संपलं.

शेजारच्या बाईंनी आपला पिवळ्या फ्रेमचा चष्मा काढून डोळे टिपले. "दोन वर्षं झाली बिचारीच्या वडिलांना जाऊन," त्या म्हणाल्या. "आम्ही दर वेळी हे गाणं मागतो, आणि दर वेळी रडतो."

"गेले?"

"ऑपरेशन चालू असतानाच, म्हणे."

चष्मेवाल्यांनी शर्टावरून छाती चाचपली. ऑपरेशन झालं होतं, बरोबर. दोन वर्षांपूर्वीच. पण ते तर चांगले ठणठणीत होऊन घरी आले होते! 'अहो बाई, तो मीच,' असं अगदी ओठांवर आलं. पण एवढी माणसं रडून मोकळी झालेली, त्यांना आता कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि लेकीनं आपल्याला मारलं कशासाठी? इतका का राग होता पोरीच्या मनात?

मध्यंतर झालं. लेकीभोवती गर्दी जमली. एक उंच गृहस्थ तिचा हात हातात घेऊन सांगत होते, "आज वडील असते तर केवढे खूश झाले असते!" लेक खाली मान घालून उभी होती.

चष्मेवाल्यांनी चष्म्याची डबी पुढे केली. "राहिला होता तुझा."

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला, तर समोर बाप. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कोण?" गृहस्थांनी विचारलं. "चेहरा काय मिळतो हो!"

लेक एकदा गृहस्थांकडे, एकदा बापाकडे बघायला लागली.

"मी काका हिचा," चष्मेवाले म्हणाले.

तिनं त्यांना दंडाला धरून जिन्यात नेलं. "बाबा, काका काय!"

"मग काय सांगू? मी वारलो, पण आज जरा सवड होती म्हणून आलो?"

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. "तुम्ही आत होता ना, तेव्हा त्या बाकड्यावर बसून लिहिलं मी. कुणी काही सांगत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. मग तुम्ही बरे झालात, आणि गाणं तसंच राहिलं."

"अगं, मग शेवट बदलायचा. वाचवायचं मला."

"बदलून बघितला. ऐकवत नव्हता."

"म्हणजे मी मेलेलाच बरा!"

"बाबा! पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एक आजी गळ्यात पडून रडल्या. त्यांना कसं सांगायचं, की अहो, ते घरी पेपर वाचतायत? आता सांगते. वर जाऊन सगळ्यांना सांगून टाकते."

चष्मेवाल्यांच्या मनावरचा मोठा भार उतरला. राग नव्हता तर. पण एक गोष्ट उरलीच होती. "ते मागच्या रांगेचं गं," त्यांनी विचारलं. "ते कुठून आणलंस?"

लेकीनं नजर चुकवली. "तेवढं मनचं आहे," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांना ते फार लागलं. रागवावं तर कुणावर? पोरीनं तक्रार केली नव्हती. बाप जिथं कमी पडला, तिथं तिनं आपल्या पदरचं घालून तो पुरा केला होता.

वरून तिला हाका आल्या.

"कुणाला काही सांगू नकोस," ते म्हणाले. "दुपारभर मेलोच आहे, आणखी तासभरानं काय होतंय?"

ते परत आले तर पिवळ्या फ्रेमच्या बाईंनी खुर्चीवर पर्स ठेवून त्यांची जागा धरली होती. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. "या काका, बसा."

शेवटी लोकांनी पुन्हा तेच गाणं मागितलं. लेक नुसतीच उभी राहिली. आता तिला मागची रांग स्वच्छ दिसत होती. चष्मेवाल्यांनी मान डोलावली. म्हण.

या खेपेला त्यांना पुढची ओळ आधीच कळत होती. कुलूप गेलं, फ्रेम गेली. तिसऱ्या कडव्याला लेकीचा आवाज जरासा हलला आणि चष्मेवाल्यांना रडू आवरेना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा ते असे रडले नव्हते.

बाईंनी आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. "सख्खे भाऊ ना तुमचे? थोरले की धाकटे?"

"थोरला." चष्मेवाल्यांनी नाक पुसलं. "माझ्यापेक्षा फार चांगला होता हो."

"हो ना," बाई म्हणाल्या. "ते कळतंच गाण्यावरून."