चारचौघांसमोर

ब्राह्मी सांगलीला वर्तनशास्त्रात एम.ए. करते, असं तिची आई आक्काताई कौतुकानं सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. म्हणजे नेमकं काय शिकते? माणसाची खोड कशी जाती त्ये शिकती, असं आईनं आपल्यापुरतं उत्तर शोधून काढलं होतं. विभागातल्या सरांनाही याहून सोपं सांगता आलं नसतं.

प्रबंधाचा विषय ब्राह्मीला शोधायला लांब जावं लागलं नाही. पर्युषणात माधवनगरच्या जैन मंदिरात माणसं उठून उभी राहतात आणि नियम घेतात. कुणी वर्षभर बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं जेवण. देवासमोर, चारचौघांच्या कानावर घालून सोडलेली गोष्ट माणूस सहसा पुन्हा धरत नाही. लहानपणापासून पाहिलेलं हे तिला पुस्तकात भारदस्त नावानं भेटलं आणि ती हरखली. तिनं समाजातली तंबाखू-सुपारीचा मावा खाणारी पोरं गोळा केली. निम्म्यांनी मावा सोडायचं नुसतं मनाशी ठरवायचं, निम्म्यांनी मंदिरात उभं राहून बोलायचं, आणि वर्षभर कोण टिकतं ते हिनं बघायचं.

उभं राहणाऱ्यांतला एक जण ऐन वेळी गळाला. मग तिनं धाकट्या भावाला गळ घातली, अतिशय त्याचं नाव. तो यंत्रमागावर कामाला होता, गालात कायम मावा, आणि स्वभावानं इतका भिडस्त की दुकानात उरलेले सुटे पैसे मागायलाही लाजायचा. "ताई, मोडला तर?" त्यानं विचारलं. मोडला तर मोडला, तशी नोंद करीन, असं ती हसत म्हणाली. तिच्या लेखी ती खरंच एक नोंद होती.

अतिशय उभा राहिला. आवाज कापत होता, पण बोलला. आईनं पदर डोळ्याला लावला.

दिवाळीपर्यंत त्यानं कळ काढली. मग मिरजेला स्टेशनबाहेरच्या टपरीवर कुणीतरी त्याला पाहिलं. मंदिरात कुणी रागावलं नाही की हिणवलं नाही. शेजारच्या दादासोंनी पायरीवर हसत एवढंच विचारलं, "काय रं, सुटला व्हय नियम?" दुसऱ्या दिवशी अतिशय कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. पोलिसांनी सांगितलं, पोरगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायानं गेलाय.

मावा खाणारी पोरं ढिगानं आहेत, त्यापायी कुणी घर सोडत नाही. अतिशयही त्यांच्यातलाच एक होता. त्याला नियम मोडणारा केला तो बहिणीच्या अभ्यासानं, आणि हे ब्राह्मीला स्वच्छ कळत होतं.

थंडीत खबर लागली की तो साताऱ्याला स्टँडजवळच्या एका हॉटेलात आहे. ती तशीच एसटीनं गेली. अतिशय टेबलं पुसत होता, वाळून गेला होता, गाल पूर्वीसारखाच फुगलेला. तिनं शिकलेलं सगळं पणाला लावलं. घसरण सगळ्यांचीच होते, घसरला म्हणून संपत नाही, उद्यापासून नव्यानं सुरू करता येतं.

"ताई, तुझ्या पुस्तकात आसंल तसं," तो म्हणाला. "मी देवाम्होरं बोललोय. आईनं ऐकलंय. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

रविवारी येतो एवढं तरी कबूल कर, असं तिनं काकुळतीनं म्हटलं. यावर तो पहिल्यांदाच घाबरल्यासारखा झाला.

"आता मी कुणाला कायबी कबूल करणार न्हाई."

त्यानं तिला एसटीत बसवून दिलं. पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा तो तिथं नव्हता आणि फोन बंद होता.

प्रबंध पुरा झाला. अतिशयचं काय करायचं असं तिनं विचारलं, तेव्हा सरांनी 'संपर्क तुटला' असं लिहायला सांगितलं. अशी माणसं प्रत्येक अभ्यासात गळतात म्हणे. बाकी मंदिरात उभी राहिलेली जवळजवळ सगळी पोरं टिकली होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी निष्कर्ष फार भक्कम असल्याचं सांगून तिचं अभिनंदन केलं. ब्राह्मीला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

घरी आली तर आईनं एकच ताट वाढलेलं. तुझं कुठं आहे, तिनं विचारलं.

"अतिशय घरी येईस्तवर मी दिवसातनं एकदाच जेवणार हाय. सकाळी मंदिरात समद्यांम्होरं बोलून आले."

आईला साखरेचा आजार, रोज इन्सुलिन. उपाशी राहिलात तर जिवावर बेतेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. तिनं आईचे पाय धरले. मोडला तरी चालतो, देव रागावत नाही, माझ्यासाठी मोड, असं काय काय ती बोलत राहिली.

आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आसं कसं? तूच म्हणतीस न्हवं, चारचौघांत बोललं की टिकतंय."

आई हा नियम मोडणार नाही, हे ब्राह्मीइतकं पक्कं ठाऊक असणारं माणूस साऱ्या माधवनगरात दुसरं नव्हतं.