भिंतीच्या वरचे डोह

राजधानी वेलिंग्टनला जाताना गाडीत हुइआने मेरेआना आत्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. संसदेच्या समितीपुढे पाचच मिनिटं मिळतात, थेट मुद्द्यावर यायचं.

"आत्या, डोंगर, नदी, पूर्वज, सगळं आत्ता गाडीतच म्हणून घे. तिथे फक्त कलमाबद्दल बोल."

"बरं बाई," मेरेआना म्हणाली. नदीकाठच्या शाळेत तिने जन्मभर मुलांना फाटे न फोडता बोलायला शिकवलं होतं. तिला हे जमायला हवं होतं.

मागणी एवढीशीच होती. नव्या कायद्यात वाम माशांसाठी वाट ठेवायची सक्ती फक्त नव्या, मोठ्या धरणांना होती. मेरेआनाच्या नदीवरची भिंत जुनी आणि लहान, म्हणून ती सुटत होती. 'जुन्या धरणांनाही' एवढेच शब्द तिला त्यात हवे होते. भिंत बांधली तेव्हा ती शाळकरी पोर होती. त्याआधी दर वसंतात समुद्रातून आलेली वाम माशांची पिल्लं, दोऱ्याएवढी बारीक, ओल्या खडकांना चिकटत वर चढायची. आईच्या मांडीला टेकून ती बघत बसायची. ते एकदा पुन्हा बघावं, शाळेतल्या पोरांना दाखवावं, ही आस इतक्या वर्षांत विझली नव्हती.

समितीच्या लांब टेबलामागे खासदार बसले होते. एकजण फोनमध्ये गुंतलेला, एकजण बिस्किटात. मेरेआना माइकपुढे बसली. पण आपण कोण, कुठल्या, हे न सांगता अनोळखी माणसांकडे काही मागायचं, हे तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. आपल्या लोकांच्या रीतीने तिने डोंगराचं नाव घेतलं, नदीचं घेतलं, गेलेल्या माणसांची आठवण काढली. मग समुद्राच्या मुखापासून एकेका डोहाचं नाव घेत ती त्यांना नदीतून वर नेऊ लागली. मागे हुइआने कपाळाला हात लावला.

अध्यक्षबाईंनी हळूच सांगितलं, वेळ संपत आला. मेरेआना तेव्हा नेमकी भिंतीशी पोचली होती. ती थांबली.

"ह्याच्या वरही डोह आहेत," ती म्हणाली. "त्यांना नावं आहेत. पण तिथवर आता कोणी पोचत नाही."

त्यांच्या रीतीत गाण्याविना भाषण उघडं टाकून उठायचं नसतं, म्हणून तिच्यासोबत आलेले, मागे बसलेले नातलग उभे राहिले आणि गाणं म्हणाले. बिस्किटवाल्याचं चघळणं थांबलं. तो ब्रेट हार्डिंग, मेंढ्या पाळणारा माणूस. त्याने विचारलं, "भिंतीच्या वरचा पहिला डोह कुठला?"

"कोपुआरोआ."

त्याने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. तोवर पुढच्या माणसाचा पुकारा झाला.

परतताना हुइआने गाडी शहराबाहेर काढली. मग म्हणाली, "सगळे डोह फिरवून आणलेस त्यांना, आणि मागणी गाडीतच विसरलीस."

मेरेआना हसली, मग खिडकीबाहेर बघत राहिली. वर्गात कुणाच्या कानात शिरलं आणि कुणाच्या नाही, हे तिला डोळ्यांवरून कळायचं. त्या टेबलामागचे डोळे तिला वाचता आले नव्हते.

काही महिन्यांनी संसदेतली चर्चा टीव्हीवर लागली. हार्डिंग उठला आणि म्हणाला, जुन्या धरणांनाही ही सक्ती हवी. वाम मासे 'कोपूरा'पर्यंत पोचत नाहीत. हुइआने आत्याचा हात घट्ट धरला.

मतं मोजली गेली. त्याने सुचवलेली दुरुस्ती फेटाळली गेली. कायदा होता तसाच मंजूर झाला.

"एवढ्या लांब जाऊन एकच माणूस मिळाला," हुइआ म्हणाली. "त्यालाही नाव धड येत नाही."

पडद्यावर हार्डिंग खाली बसत होता. वर्गात नव्याने आलेल्या पोराला सांगावं तसं मेरेआना त्याला म्हणाली, "कोपुआरोआ. पुन्हा म्हण."

संसदेत दुसराच विषय सुरू झाला होता. मेरेआना मात्र कोपुआरोआच्या वरच्या डोहाचं नाव सांगत होती, मग त्याच्याही वरच्या, सावकाश, कुणीतरी मागून म्हणेल म्हणून मध्ये थांबत.