दोन किलोंची बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे, पण माझ्याशी भातुकली खेळायला कधी कुणी बसलं नाही. माझा जन्मच कामासाठी झाला. सोलापुरात सारजाबाई नावाच्या निवृत्त परिचारिका आहेत. गावोगावच्या आशाताईंवर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तकांना त्या शिकवतात. त्यांनी जुन्या मऊ चादरीतून मला बेतलं, हातापायांत कापूस आणि पोटात धुतलेली वाळू भरली. काट्याला टांगून बरोबर दोन किलो भरले, तेव्हाच शेवटचा टाका घातला.

"अशक्त बाळ एवढंच भरतं," त्या प्रत्येक वर्गात सांगायच्या. "हे वजन हाताला पाठ झालं पाहिजे. कागद नंतर."

मग मी हातोहात फिरायचे. कुणी मला बाजाराच्या पिशवीसारखं काखेत मारलं, की सारजाबाई डोळे वटारायच्या. दिवसातून दहा वेळा मला दुपट्यात गुंडाळत आणि दहा वेळा सोडत. हाल व्हायचे, पण मान होता.

त्याच वर्गात मंद्रूपची ऋतुजा आली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या मानेखाली तळवा इतका अलगद घातला, की माझ्या पोटात वाळू आहे हे मीच विसरले. माझा एक कान उसवला होता. जेवणाच्या सुट्टीत, आपला डबा बाजूला ठेवून, तिनं तो शिवला. मला ती फार आवडली. सारजाबाईंनाही आवडली असणार, कारण वर्ग संपल्यावर त्यांनी मलाच तिच्या हाती दिलं.

"घेऊन जा हिला. तुझ्या आशांना शिकव."

तिच्या स्कूटीवर बसून मी गावोगाव हिंडले. मी हवेत तरंगत होते म्हणा ना!

हिवाळ्यात ईरम्मा नावाची आशाताई स्वतःच बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेली, आणि तिच्या घरभेटी ऋतुजाकडे आल्या. त्यात लांबची एक मेंढपाळांची वस्ती होती. तिथं केराबाईच्या सुनेला मुलगा झाला होता. सातव्या दिवशी आम्ही गेलो. ऋतुजानं त्याला झोळीत घालून काट्याला टांगलं. बरोबर दोन किलो. माझ्याएवढाच! मला उगाचच तो माझा भाऊ वाटला.

तिनं माझ्यावर दुपटं गुंडाळून दाखवलं, दूध कसं पाजायचं ते सुनेला समजावलं. निघताना केराबाईला म्हणाली, "थंडीत बाळाला बाहेर काढू नका, मावशी. दर आठवड्याला मीच येते."

पुढच्या आठवड्यात ती गेली नाही. तिच्या अंगावर बावीस आशांचं काम होतं, संध्याकाळ झाली की मोबाइलवर भेटीचे फोटो मागणारे साहेब होते, आणि वस्तीचा शेवटचा रस्ता नुसता दगडधोंड्यांचा. मी तिची बाजू घेत नाही. पण खरं ते सांगितलं पाहिजे.

त्या संध्याकाळी तिनं मला टोपडं घातलं, तोंडापर्यंत दुपट्यात गुंडाळलं आणि आपल्या ओसरीवर झोळीत घालून काट्याला टांगलं. आज घरीच सराव करायचा असेल, असं मला वाटलं. मग तिनं कात्री आणली. माझं पोट उसवलं. स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर ज्वारी काढून माझ्यात भरली. काटा थोडा खाली सरकला. तिनं फोटो काढला, पाठवला आणि पोट शिवून टाकलं. टाके किती सुबक होते म्हणून सांगू!

त्याच हातांनी माझा कान शिवला होता. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात आणखी ज्वारी. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. कागदावर बाळ बाळसं धरत होतं. साहेबांनी शाबासकी दिली. आणि आरोग्य केंद्रातल्या महिन्याच्या बैठकीत सगळ्या गटप्रवर्तकांसमोर प्रात्यक्षिक दाखवायला ऋतुजालाच उभं केलं. सारजाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मला बघून त्यांचे डोळे चमकले.

"आण गं माझ्या पोरीला," म्हणत त्यांनी मला उचललं, आणि तिथंच थांबल्या. एकदा खाली-वर करून पाहिलं. "ऋतुजा, ही एवढी जड कशी झाली?"

ऋतुजा काही बोलायच्या आतच दारातून आवाज आला. केराबाई उभी होती. दुधाच्या गाडीतून आली होती. काखेत घोंगडीची वळकटी. आत बाळ.

"बाई, तुमीच म्हनला व्हता न्हवं, थंडीत भाईर काडू नका, मीच येते म्हून? आमी न्हाय काडलं. रोज वाटंकडं बगत बसलो की. आता ह्यो दूदच वढंना झालाय."

सारजाबाईंनी बाळाला टांगलं. एक किलो आठशे. साहेबांनी मोबाइल काढला; त्यात हेच बाळ अडीच किलोंचं होतं. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या पोटाचे टाके कापले. वाळूच्या आधी ज्वारीच घरंगळली. त्यांनी ती गोळा करून काट्यावर घातली. पाचशे ग्रॅम.

"मी हिच्यात ज्वारीचा दाणा घातला नव्हता," त्या म्हणाल्या. "ही ह्या लेकराची वाढ आहे, ऋतुजा. तू हिच्या पोटात घातलीस."

ऋतुजा रडत होती. रुग्णवाहिकेपर्यंत बाळाला तीच घेऊन गेली, मानेखाली तळवा अगदी अलगद, जसा वर्गात घालायची तसा. सगळं येत होतं तिला. हेच मला सहन झालं नाही.

बाळ सोलापुरात तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिलं. जगलं. केराबाईनं नंतर ऋतुजाला दारात उभं केलं नाही.

सारजाबाईंनी मला पुन्हा दोन किलोंवर आणलं. मी अजून वर्गात जाते. पण आता कुणी मानेखाली अलगद हात घातला, की मी सुखावत नाही. घाबरते.

मित्रांनो, आम्हा बाहुल्यांना कपाटात धूळ खात ठेवलंत तरी चालेल. पण कुणाला 'मी येते' म्हणालात, तर जा. तिथं कुणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं, आणि त्याच्या पोटात वाळू नसते.