आत्याच्या टीव्हीवरचा डबा

रमीज हरला की ज्योतीरामला दोन घास जास्त जायचे. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण तिला माहीत होतं, कारण भाकरी तीच थापायची.

दोघं एकाच जिममधले. संत तुकाराम नगरात जुन्या गोडाऊनमध्ये गाद्या टाकून ती जिम सुरू झाली तेव्हा ज्योतीराम आधी आला, रमीज मागून. रमीज म्हणजे पिंपरीतल्या कादर मिस्त्रीचा पोरगा. हात ग्रीसनं काळे आणि तोंड कायम चालू. पडायचं कसं, खाली दाबला गेलास तर समोरच्याचा पाय कुठं अडकवायचा, हे सगळं त्याला ज्योतीरामनं शिकवलं. शिकवताना मनसोक्त आपटला. मग या खेळाला टीव्ही आला. मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे त्याचं शहाणं नाव, पण चाकणपासून खेडपर्यंत सगळे 'पिंजरा' म्हणतात. बघता बघता दोन कंपन्या निघाल्या, एक 'पोलाद' आणि एक 'ललकार'. दोन्हींचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी, एकाच वेळेला, दोन चॅनलवर. ज्योतीराम पोलादमध्ये गेला, रमीज ललकारमध्ये.

ज्योतीराम आजवर हरला नव्हता. रमीज हरायचा, जिंकायचा, परत हरायचा. आणि नाव कुणाचं झालं? रमीजचं.

पिंजऱ्यात शिरताना रमीज बापाचा गॅरेजमधला ऑइलनं माखलेला शर्ट घालून यायचा. दारात तो काढायचा, घडी घालून बापाच्या हातात द्यायचा आणि मगच आत. बस, एवढंच. पण पब्लिक खुर्च्यांवर उभं राहायचं, बायका डोळ्याला पदर लावायच्या. ज्योतीराम चाकणला प्रेस शॉपमध्ये शिफ्ट करायचा, त्याच्या शर्टाला काय अत्तर लागलेलं होतं? कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेली पोरं रमीजची रील बघत डाळभात जेवायची आणि यालाच विचारायची, "ज्योतीभाऊ, तुम्ही वळखता म्हणे रमीजला? एक सेल्फी मिळंल का?"

एकदा ज्योतीरामनंही नक्कल करून बघितली. फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून पिंजऱ्याकडे चालत गेला. कुणी शिट्टी मारली नाही. मागून एकजण म्हणाला, "लग्न कुणाचं हाय रं?" तेव्हापासून तो साध्या बनियनवर जायचा.

दिवाळीनंतर पोलादच्या मालकानं, कुलदीपनं, त्याला ताथवड्याच्या ऑफिसात बोलावलं. काचेच्या भिंती, समोर कॉलेजची पोरंपोरी चहा पितायत. कुलदीपनं एसी वाढवला. वाईट बातमी द्यायच्या आधी तो एसी वाढवतो.

"ज्योती, राव, तू जिंकतोस. त्यात वाद नाही. पण तू आलास की लोक चॅनल बदलतात."

"का बदलतात?"

"तू समोरच्याला खाली घेतोस आणि त्याच्यावर बसतोस. बसतोस म्हणजे बसतोसच. लोकांना वाटतं टीव्ही हँग झाला."

"मग सोडून देऊ का त्याला? चहा पाजू?"

"तापू नकोस. ऐक. दिल्लीच्या मोठ्या चॅनलला आपल्या पट्ट्यातला एक माणूस पाहिजे. हरियाणाच्या चॅम्पियनशी लढायला, आख्ख्या देशात लाइव्ह. एकतर तू, नाहीतर रमीज. येत्या रविवारी तुम्हा दोघांच्या मॅच आहेत. ज्याच्या मॅचला आकडा मोठा, तो दिल्लीला."

"जो जिंकंल तो नाही?"

कुलदीप हसला. त्या हसण्यावर एक ठोसा द्यावा असं ज्योतीरामच्या मनात आलं, पण पोलादमध्ये मालकाला मारायची कॅटेगरी नव्हती.

"आकडा कोण काढतं?" त्यानं विचारलं.

"काही घरांत टीव्हीला डबा बसवलेला असतो. कोण काय बघतं ते तो डबा मोजतो. आपल्या पट्ट्यात असली घरं बोटावर मोजण्याइतकी. एका डब्यामागं हजारो माणसं धरतात. कुठल्या घरात आहे ते कुणाला कळू देत नाहीत. मलाही माहीत नाही."

ज्योतीरामला माहीत होतं.

राजगुरुनगरला, म्हणजे खेडला, त्याची आत्या राहायची, सुभद्राबाई. गणपतीत तो तिच्याकडे गेला होता तेव्हा टीव्हीवर एक करडा डबा दिसला. त्याचा रिमोट वेगळा, त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं बटण, शिवाय पाहुण्यांसाठी जादा बटणं. "मोजणीवाले बसवून गेलेत," आत्या म्हणाली होती. "कुणाला सांगू नका म्हनलेत." आणि हे तिनं त्यालाच नाही, तर दूधवाल्याला, शेजारच्या रंगनानाला आणि भजनी मंडळाला पण सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला काय आवडतं असं कुणीतरी तिला विचारायला आलं होतं. ती गप्प कशी बसेल?

दुसऱ्याच दिवशी शिफ्ट संपवून तो तडक आत्याकडे गेला.

"आत्या, रविवारी आठ वाजता माझं चॅनल लावायचं आन् सगळी बटणं दाबून टाकायची. पाहुण्यांची पण."

"आन् पाहुणे?"

"पाहुणे कशाला पाहिजेत? बटणं दाबायची नुसती."

सुभद्राबाईनं हातातली लसूण खाली ठेवली. "मानूस न्हाई आन् बटन दाबू? चोरी हाय ती, ज्योत्या. त्यांनी माझ्यावर इस्वास टाकलाय."

सून विजयश्री आतून म्हणाली, "भावजी, सासूबाई बाथरूमला गेल्या तरी आपलं बटण बंद करून जातात. तुमचं काय ऐकतायत!"

ज्योतीराम विचारात पडला. मग त्याला जत्रा आठवली. जत्रेच्या फडात पैलवान कधी एकटा जातो का? तालमीची पोरं, भावकी, सगळ्यांना टेम्पोत घालून नेतो आणि कडेला उभी करतो. समोरच्याच्या कानात त्यांचा गलका शिरला की अर्धी कुस्ती तिथंच मारलेली असते. माणसं भरणं यात कसली आलीय चोरी? ती तर रीत आहे.

"मग खरेच पाहुणे आणतो," तो म्हणाला. "तुझी आळी बोलव. मटण मी आणतो. मात्र सगळ्यांनी बसून बघायचं."

"बघतील की. मटनाला कोन न्हाई म्हनतंय?"

त्यानं आत्याला एक गोष्ट सांगितली नाही. पोलादच्या मॅच गुरुवारीच शूट होतात आणि रविवारी दाखवतात. त्या गुरुवारी तो कधी लढला नव्हता तसा लढला. समोर सांगलीचा दांडगा गडी होता. ज्योतीराम त्याच्यावर बसला नाही. पहिल्याच फेरीत त्याला कमरेवर घेतला आणि अशी ढाक मारली की तो गडी हवेत उताणा फिरून गादीवर आदळला. पिंजऱ्याची जाळी थरथरली. कुलदीप खुर्चीवरून उठून म्हणाला, "हे! हे पाहिजे होतं, भावा!" अशी ढाक ज्योतीरामला आयुष्यात परत जमली असती का, देव जाणे. ती बघताना आळीची तोंडं कशी उघडी पडतात, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

ललकारच्या मॅच मात्र थेट दाखवायचे. रमीज त्याच संध्याकाळी लढणार होता.

रविवारी आत्याचं घर माणसांनी भरून गेलं. पलंगावर म्हातारे, खाली सतरंजीवर बायापोरं, उंबऱ्यात दोघंचौघं. सुभद्राबाई डब्याचा रिमोट घेऊन एकेकाला उभं करत होती; पाहुण्याचं बटण दाबलं की बाई का बापया आणि वय भरावं लागायचं.

"नाना, तुमी बापया, वय सांगा."

"साठ लिव."

"सत्तरी कवाच उलाटली की तुमची."

"मग इचारतीस कशाला?" रंगनाना म्हणाला. तरुणपणी तो फडावर लढलेला होता, आणि आता कान तेवढे मोडलेले शिल्लक होते. "रस्सा वाढला का न्हाई आजून?"

"आधी मॅच, मग रस्सा," ज्योतीरामनं बजावलं. टीव्हीचा रिमोट त्यानं स्वतःच्या मुठीत ठेवला होता. या लोकांचा काय भरवसा?

पोलाद सुरू झालं. आधीच्या दोन किरकोळ मॅच झाल्या. मग पडद्यावर ज्योतीरामचा फोटो आला, "पुढची लढत", आणि सळईची जाहिरात लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विजयश्री म्हणाली, "भावजी, फोटोत तुम्ही रेशनच्या लायनीत उभं राहिल्यावानी दिसताय."

ज्योतीराम हसला. खरंच हसला. सगळं जमून आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच त्याला रमीज आठवला. तिकडं काय चाललं असेल? तो आला असेल का? शर्टाचं नाटक झालं असेल का?

जाहिरात संपायला वेळ होता. त्यानं चॅनल बदललं. बघू तरी, काय दिवे लावतोय.

रमीज पिंजऱ्यात होता आणि मार खात होता.

नाशिकचा एक राक्षस त्याला जाळीला दाबून कोपरानं झोडत होता. रमीजची भुवई फुटलेली. ज्योतीराम नकळत पुढं सरकला. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, उन्हातून आल्यावर थंडगार ताक पोटात गेल्यावर वाटतं तसं. पडेल आता. आता पडेल.

"भावजी, जाहिराती संपल्या असतील," विजयश्री म्हणाली.

"थांब गं. पडतोय तो."

रमीज पडला. पण पडताना त्यानं राक्षसाचा पाय अडकवला, ज्योतीरामनं शिकवलं होतं तस्साच, आणि उलटून वर आला. आळी किंचाळली. उंबऱ्यातली माणसं आत घुसली. "उठ रं बाबा!" सुभद्राबाई ओरडली. रंगनाना पलंगावर उभा राहिला आणि त्याचं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं.

"ज्योत्या, तुझी कुस्ती..."

"एक मिनिट, आत्या!"

आता तर बदलणं शक्यच नव्हतं. रमीजला वर आलेला सोडून जायचं? आणि मागं तो जिंकला तर? ज्योतीरामला तो हरलेला बघायचा होता, पूर्ण हरलेला, शेवटच्या घंटेपर्यंत. रिमोट त्याच्या मुठीत घामानं ओला झाला. रमीज परत खाली गेला, परत उठला, दात रक्तानं लाल आणि तरी हसतोय, बेणं. तिन्ही फेऱ्या संपल्या. पंचानं हात वर केला तो नाशिकच्या गड्याचा.

"हारला!" ज्योतीराम ताडकन उठला. "हारला! बघितलं का? हारला साला!"

सुभद्राबाई पदरानं डोळे पुसत होती. पडद्यावर कादर मिस्त्री पोराच्या अंगावर तो कळकट शर्ट चढवत होता.

"लेकरू फुटलंय सारं," आत्या म्हणाली. "तुला कसलं सुख झालंय रं?"

"आन् तुजी कवा हाय?" रंगनानानं विचारलं.

ज्योतीरामनं घाईनं चॅनल बदललं. तिथं त्याचा हात आधीच वर उचललेला होता. क्षणभर तो दिसला, आणि परत सळईची जाहिरात लागली.

ढाक कुणीच बघितली नव्हती. त्यानं स्वतःसुद्धा नाही.

विजयश्रीनं टीव्हीवरच्या डब्याकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा इमानदारीत लुकलुकत होता. "सगळ्यांची बटणं दाबलेली होती ना, सासूबाई?"

"येकाचंबी राह्यलं न्हाई," सुभद्राबाई अभिमानानं म्हणाली.

"म्हणजे भावजी, तुमचं सगळं मटण रमीजला पोचलं म्हणायचं."

पोरं फिदीफिदी हसली. ज्योतीराम न जेवताच गाडीला किक मारून निघाला. मागं रस्सा उरला नाही, हे त्याला नंतर कळलं.

गुरुवारी आकडे आले. कुलदीपनं फोनवरच सांगितलं. समोर असता तर एसी वाढवला असता. "राव, मला कळतच नाही. आख्खा तासभर आपण पुढं होतो. तुझी मॅच लागली आणि खेडकडची रेघ एकदम उठून ललकारवर गेली. एकदम! जशी कुणी गाडीत घालून नेली माणसं."

ज्योतीरामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिल्लीवाल्यांनी रमीजला घेतला. हरलेला असून. काय करणार? तुझी ढाक जबरी होती रे. मी बघितली."

संध्याकाळी फोन वाजला. रमीज. उचलावा की नको करत त्यानं उचलला.

"ज्योतीभाऊ! अरे काय ढाक मारलीस!" फुटक्या ओठांमुळे रमीजचे शब्द अर्धे गळत होते. "अब्बांनी तुझी मॅच रेकॉर्ड करून ठेवली होती. गॅरेजमधल्या सगळ्यांना दाखवतायत. म्हणतात, असं मारायला शीक, नुसता मार खाऊ नकोस."

"हं."

"दिल्लीला माझ्यासोबत कॉर्नरला येशील का? तुझ्याशिवाय मला खालून ओरडून सांगणारं कोण आहे? त्या दिवशी पाय अडकवला ना, तेव्हा तुझाच आवाज आला डोक्यात. आईशप्पथ."

ज्योतीरामला वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"बघतो. शिफ्ट बघून सांगतो."

"आणि माझी मॅच? बघितलीस का? कुठं चुकलो सांग ना."

दुसऱ्या फेरीत डावा हात खाली आला होता. तिथंच चुकला होता. ज्योतीरामला ते कोपर, तो हात, ती भुवई, सगळं डोळ्यासमोर दिसत होतं.

"नाही बा," तो म्हणाला. "टाइमच नाही मिळाला."

फोन ठेवला. बायको आतून म्हणाली, "जेवायला वाढू का?" तो म्हणाला भूक नाही. मग भिंतीकडे तोंड करून त्यानं मोबाइलवर रमीजची मॅच लावली, आणि संपली तशी परत पहिल्यापासून लावली.